नवा लॉट, नव्या पट्ट्या: संदेशवहनाच्या प्रथिनांसाठी रिकॉम्बिनंट प्रतिपिंडे घ्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फॉस्फो-ईआरके आणि फॉस्फो-एकेटी, म्हणजे पेशीत संदेश पोचवणाऱ्या ईआरके आणि एकेटी या प्रथिनांची फॉस्फेट चढलेली रूपे, पाहण्यासाठी तुमच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे सशाची पॉलिक्लोनल (अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असलेली) प्रतिपिंडे वापरली जात आहेत. नवा लॉट, म्हणजे नवी खेप, आल्यापासून वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) एक जास्तीची पट्टी दिसते आणि हवी ती पट्टी फिकी पडली आहे. तुमचे मार्गदर्शक रिकॉम्बिनंट प्रतिपिंडे मागवू या म्हणतात, पण ती महाग आहेत. त्यांनी खरोखर फरक पडेल का, ती घेतल्यावर पडताळणीची गरज उरेल का आणि जुन्या लॉटवर मिळवलेल्या निकालांचे काय करायचे, हे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते ती घ्यावीत. मात्र पैसे नेमके कशासाठी मोजतो आहोत, हे आधी स्पष्ट हवे. रिकॉम्बिनंट प्रतिपिंडाच्या जनुकांचा क्रम माहीत असतो आणि त्या क्रमावरून दर वेळी तोच रेणू तयार केला जातो. त्यामुळे आजच्या बाटलीत जो रेणू आहे तोच पाच वर्षांनंतरच्या बाटलीतही असेल, इतकी हमी मिळते. तो रेणू तुमच्या पेशींमध्ये तुम्हाला हव्या त्याच प्रथिनाला चिकटतो की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि तो प्रयोगानेच सोडवावा लागतो. कॅटलॉगमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, म्हणून गोंधळ होतो.

आधी तुमच्या जास्तीच्या पट्टीविषयी. फॉस्फो-ईआरकेचे पॉलिक्लोनल प्रतिपिंड तयार करताना सशाला फॉस्फेट जोडलेले छोटे पेप्टाइड टोचतात. सशाच्या रक्तद्रवात त्या पेप्टाइडला ओळखणारी नाना तऱ्हेची प्रतिपिंडे तयार होतात. त्यांतल्या काहींना फॉस्फेट लागतेच, तर काहींना ते असले काय नि नसले काय, सारखेच. म्हणून रक्तद्रव फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडच्या स्तंभातून काढून नको ती प्रतिपिंडे गाळतात आणि फॉस्फो-पेप्टाइडच्या स्तंभावर हवी ती पकडतात. ही गाळणी कधीच पुरती होत नाही. ससा बदलला, किंवा त्याच सशाचे रक्त काही आठवड्यांनी पुन्हा काढले, तरी मिश्रणातले प्रमाण बदलते, आणि ससा मेला की ते मिश्रण पुन्हा मिळत नाही.

ईआरकेच्या बाबतीत नको त्या प्रथिनाला चिकटण्याची शक्यता मुळातच मोठी आहे. ईआरके सक्रिय होते तेव्हा थ्रिओनीन-ग्लुटामेट-टायरोसीन या क्रमातील पहिल्या आणि तिसऱ्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढते. त्याच कुळातल्या जेएनकेमध्ये त्याच ठिकाणी थ्रिओनीन-प्रोलीन-टायरोसीन असते आणि पी३८मध्ये थ्रिओनीन-ग्लायसीन-टायरोसीन. म्हणजे फरक फक्त मधल्या एका आम्लाचा, आणि फॉस्फेट मात्र त्याच दोन जागी. ईआरके१ आणि ईआरके२ यांच्या पट्ट्या ४४ आणि ४२ किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) येतात, जेएनकेच्या ४६ आणि ५४च्या आसपास, तर पी३८ची पट्टी ईआरकेच्या किंचित खाली. ईआरके५मध्ये तर ईआरके१चाच त्रिक आहे, पण ते प्रथिन कितीतरी मोठे असल्याने त्याची पट्टी वर, शंभर किलोडाल्टनच्याही पलीकडे येते. तुमची जास्तीची पट्टी कोणत्या वजनाला आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती ४६ किंवा ५४ला असेल, तर पेशींना ॲनिसोमायसीन द्या, ज्याने जेएनके आणि पी३८ जोरात सक्रिय होतात, आणि सोबत मेक या कायनेजचा (फॉस्फेट चढवणाऱ्या विकराचा) इनहिबिटर, म्हणजे रोधक, द्या, ज्याने ईआरके बंद होते. अशा नमुन्यात ४२-४४च्या पट्ट्या गेल्या आणि जास्तीची पट्टी गडद झाली, तर नव्या लॉटमध्ये काय शिरले आहे ते तुम्हाला कळेल.

मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या, प्रतिपिंडांनी हा प्रश्न केव्हाच सुटला नाही का, असे कोणी विचारील. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सीझर मिल्स्टाइन यांनी १९७५मध्ये हायब्रिडोमाचे तंत्र मांडले; प्रतिपिंड तयार करणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी मायलोमा या कर्करोगाची पेशी यांचा संकर केला की एकच प्रतिपिंड हवे तितके मिळू लागते. त्यासाठी त्यांना १९८४मध्ये नोबेल मिळाले. तत्त्व अचूक आहे, पण हायब्रिडोमा ही जिवंत आणि जनुकीयदृष्ट्या अस्थिर पेशी आहे. ती गुणसूत्रे गमावते, कधी प्रतिपिंड तयार करणेच थांबवते, द्रव नायट्रोजनमधून बाहेर काढल्यावर कधी पुन्हा उठत नाही. शिवाय 'मोनोक्लोनल' म्हटलेल्या सगळ्याच हायब्रिडोमा एकच प्रतिपिंड देत नाहीत. अनेक प्रयोगशाळांनी मिळून १८५ हायब्रिडोमा तपासल्या आणि २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांशांमध्ये प्रतिपिंड ज्यांनी बनते त्या जड किंवा हलक्या साखळीच्या अपेक्षेपेक्षा जास्त कार्यक्षम प्रती आढळल्या. म्हणजे बाटलीवर एका क्लोनचे नाव, आणि आत साखळ्यांच्या जोड्या लावून झालेले मिश्रण. फॉस्फो-प्रथिनांसारख्या नाजूक कामात हे महागात पडते.

रिकॉम्बिनंट पद्धतीत ती पेशी मधून काढून टाकली जाते. चांगली निघालेली हायब्रिडोमा किंवा सशाची एकेक बी-पेशी घेऊन तिच्या जड आणि हलक्या साखळीच्या बदलत्या (लक्ष्याला चिकटणाऱ्या) भागांचा क्रम वाचतात, तो क्रम प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) घालतात, आणि ते प्लाझ्मिड प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचईके२९३ किंवा सीएचओ पेशींत घालून माध्यमात स्रवलेले प्रतिपिंड त्याला पकडणाऱ्या प्रोटीन-ए स्तंभावर शुद्ध करतात. दुसरा मार्ग प्राण्याशिवायचा: जॉर्ज स्मिथ यांच्या १९८५च्या फेज डिस्प्ले तंत्रावर ग्रेगरी विंटर आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांचे तुकडे विषाणूच्या पृष्ठभागावर मांडले आणि प्रचंड संग्रहातून हवा तो तुकडा निवडणे शक्य झाले. त्या दोघांना २०१८मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅटलॉगमध्ये दोन्ही प्रकार 'रिकॉम्बिनंट' याच नावाखाली येतात, पण फॉस्फो-स्थळांसाठी आज तुम्हाला जे मिळेल ते बहुतांशी सशाच्या क्रमावरून केलेले असेल. ससा छोट्या आणि अवघड पेप्टाइडांविरुद्धही घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतो, असा या धंद्यातला सर्वसाधारण अनुभव आहे.

कोणी जुन्या हायब्रिडोमाचे प्रतिपिंड स्वतः रिकॉम्बिनंट करायला घेणार असेल, तर एक इशारा देतो. संकरासाठी वापरलेल्या मायलोमा पेशींतून एमओपीसी-२१ या जुन्या अर्बुदाची निकामी हलकी साखळी पुष्कळ हायब्रिडोमांत उतरलेली असते. तिच्यापासून प्रथिन होत नाही, पण तिचा आरएनए भरपूर असतो आणि पीसीआरमध्ये तीच आधी वाढते. क्रम हाती आल्यावर त्याची या साखळीशी तुलना करायची आणि तयार झालेले प्रतिपिंड मूळ हायब्रिडोमाच्या प्रतिपिंडाशेजारी चालवून पाहायचे. या दोन पायऱ्या गाळल्या, तर सुंदर शुद्ध पण काहीच न ओळखणारे प्रथिन हाती येते.

आता खऱ्या वादाच्या मुद्द्याकडे येतो. ओळख कायम राहणे आणि ओळख बरोबर असणे यांतला फरक एरिथ्रोपोइटिन या संप्रेरकाच्या ग्राहीच्या (पेशीवर संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाच्या) प्रकरणात फार स्पष्ट दिसतो. हे संप्रेरक लाल रक्तपेशी वाढवते. त्याचा ग्राही जेएके२ आणि स्टॅट५ या प्रथिनांच्या मार्फत संदेश देतो. रुग्णांना ते औषध म्हणून दिले जाते, त्यामुळे कर्कपेशींवर हा ग्राही असतो का, हा जिवाशी निगडित प्रश्न होता. सी-२० नावाच्या पॉलिक्लोनल प्रतिपिंडाने अनेक अर्बुदांत तो 'दिसत' होता आणि त्यावर निबंधांमागून निबंध येत होते. २००६मध्ये ॲमजेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की हे प्रतिपिंड ६६ किलोडाल्टनच्या आसपास जी ठळक पट्टी देते ती ग्राहीची नसून एचएसपी७० या उष्णताघात प्रथिनाची आहे. खरा ग्राही त्याहून खाली येतो. ॲमजेन हे औषध विकणारी कंपनी होती, तेव्हा तिचे हितसंबंध लक्षात घेऊनच हे वाचले पाहिजे. तरीही तो पुरावा रासायनिक स्वरूपाचा होता आणि टिकला. आता समजा, सी-२०मधले तेच एचएसपी७० पकडणारे प्रतिपिंड कोणी क्रम वाचून रिकॉम्बिनंट केले असते. लॉटमागून लॉट तीच सुबक पट्टी आली असती आणि चूक अधिकच विश्वासार्ह वाटली असती.

याला मोठ्या पाहणीचाही आधार आहे. मॉन्ट्रियल येथील न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमधून चालणाऱ्या वायकॅरॉस या उपक्रमाने ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे मूळ पेशी आणि तेच जनुक काढून टाकलेल्या नॉकआउट पेशी शेजारी ठेवून तपासली आणि २०२३मध्ये निकाल मांडले. वेस्टर्न ब्लॉट, इम्युनोप्रेसिपिटेशन (प्रतिपिंडाने द्रवातून प्रथिन ओढून काढणे) आणि इम्युनोफ्लुओरेसन्स (पेशीतले प्रथिन प्रकाशमान करून पाहणे) या तिन्ही कामांत रिकॉम्बिनंट प्रतिपिंडे सरासरीने सर्वांत चांगली ठरली. पण त्यांतही नापास झालेली पुष्कळ होती, आणि एका कामात उत्तीर्ण झालेले प्रतिपिंड दुसऱ्या कामात उत्तीर्ण होईलच असे नव्हते. तुमच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा आहे: अशी नॉकआउट चाचणी एकूण प्रथिन ओळखले जाते की नाही ते सांगते, फॉस्फेट ओळखले जाते की नाही ते सांगत नाही.

फॉस्फो-प्रतिपिंडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात, प्रथिनाची आणि स्थळाची. फॉस्फो-ईआरकेसाठी मी पुढीलप्रमाणे करतो. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्कपेशी) रात्रभर सीरमशिवाय ठेवायच्या; मग एका ताटलीला काही नाही, दुसरीला ईजीएफ (ईआरके सक्रिय करणारा वाढघटक) पाच मिनिटे, तिसरीला आधी मेकचा इनहिबिटर आणि नंतर ईजीएफ. वेळ झाल्याबरोबर ताटली बर्फावर. लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडण्याच्या द्रवात, फॉस्फेट उतरू नये म्हणून सोडियम फ्लुओराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट हवेच, आणि व्हॅनाडेट नुसते विरघळवून चालत नाही: पीएच १०ला आणून उकळायचे, पिवळेपणा जाऊन द्रव पाण्यासारखा निर्मळ झाला की थंड करायचे, पीएच पुन्हा तपासायचा, पिवळे झाले असेल तर पुन्हा उकळायचे. पिवळ्या व्हॅनाडेटमध्ये त्याचे रेणू एकत्र गुंफलेले असतात आणि ते टायरोसीन फॉस्फेटेजांना (टायरोसीनवरचे फॉस्फेट उतरवणाऱ्या विकरांना) नीट रोखत नाहीत. फिक्या फॉस्फो-पट्टीचा दोष प्रतिपिंडाला देण्याआधी ही बाटली उजेडात धरून पाहा. निदान माझ्या पाहण्यात तरी प्रतिपिंडापेक्षा बफर जास्त वेळा दोषी असते.

स्थळाची परीक्षा लॅम्डा फॉस्फेटेजने होते. ईजीएफ दिलेल्या नमुन्याचा एक भाग फॉस्फेटेज-इनहिबिटर न घालता वेगळा तयार करायचा, त्यात मँगनीज आणि विकर घालून ३० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवायचे. या विकराला मँगनीज लागते, म्हणून बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारे रसायन) भरपूर असेल तर प्रयोग फसतो आणि प्रतिपिंड फॉस्फेट पाहत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. फॉस्फो-पट्टी नाहीशी झाली आणि एकूण ईआरकेची पट्टी जागच्या जागी राहिली, तर प्रतिपिंड फॉस्फेट ओळखते. ही पट्टी मेकच्या इनहिबिटरनेही गेली, तर ती ईआरके-मार्गावरची आहे. ईआरके१ आणि ईआरके२ या दोघांविरुद्ध एसआयआरएनए (प्रथिन तयार होणे दाबणारा छोटा आरएनए) वापरून ती कमी झाली, तर प्रथिनही तेच आहे. तिन्ही जमल्या की त्या प्रतिपिंडावर त्या पेशींपुरता विश्वास ठेवावा.

दुधाचा वादही येथेच मिटवू. दुधात केसीन असते, केसीनवर फॉस्फेट असते, म्हणून फॉस्फो-ब्लॉटला दूध वर्ज्य, असे जे सांगितले जाते ते अतिरेकी आहे. पडदा दुधाच्या भुकटीत ब्लॉक करून (त्यावरच्या मोकळ्या जागा झाकून) प्राथमिक, म्हणजे प्रथिन ओळखणारे, प्रतिपिंड बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाच्या द्रावणात पातळ केले, तर बहुतेक फॉस्फो-प्रतिपिंडे व्यवस्थित चालतात. पुरवठादाराने जे सांगितले असेल त्याने सुरुवात करावी आणि मग बदल करावेत.

एकेटीचे गणित वेगळे आहे. सेरीन ४७३ हे स्थळ एकेटीच्या तीन रूपांपैकी एकेटी१चे. एकेटी२मध्ये तेच स्थळ ४७४ आणि एकेटी३मध्ये ४७२ क्रमांकावर येते, आणि आजूबाजूचा क्रम इतका सारखा आहे की बहुतेक फॉस्फो-प्रतिपिंडे तिघांनाही ओळखतात. म्हणून केवळ एकेटी१ नॉकआउट करून पट्टी उरली म्हणून प्रतिपिंड टाकून देणे चूक ठरेल. त्याहून चांगली परीक्षा कायनेजच्या बाजूने घेता येते: सेरीन ४७३वर फॉस्फेट चढवते ते एमटॉर-संकुल २, ज्याचा रिक्टर हा आवश्यक घटक आहे, आणि थ्रिओनीन ३०८वर चढवते ते पीडीके१. रिक्टर काढलेल्या पेशींत ४७३ची पट्टी जवळजवळ जाते. अशा पेशी कोणाकडे असतील तर लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) मागून घ्यावे. प्रयोगशाळांमध्ये ही देवाणघेवाण सहज होते आणि त्यासाठी कोणतीही निविदा लागत नाही. सकारात्मक नियंत्रण म्हणून पीटेन (या मार्गाला आवर घालणारे प्रथिन) नसलेल्या एलएनकॅप किंवा पीसी-३ पेशी सोयीच्या, कारण त्यांत एकेटी उत्तेजनाशिवायही फॉस्फोरिलेट झालेले असते आणि पीआय३-कायनेजच्या इनहिबिटरने ते उतरते.

एवढा सगळा खटाटोप करायचा असेल तर रिकॉम्बिनंटसाठी जास्त पैसे का द्यायचे? नेमके याच कारणासाठी. पॉलिक्लोनलवर केलेली ही मेहनत त्या लॉटबरोबर संपते. पुढच्या लॉटला सगळे पहिल्यापासून. रिकॉम्बिनंट प्रतिपिंडावर ती एकदा केली की पुढच्या लॉटला उत्तेजित आणि अनुत्तेजित असे दोन नमुने चालवून जुन्याशी ताडले म्हणजे पुरते. लॉटमध्ये काहीच फरक पडत नाही असे मात्र मानू नये. संहती बदलते, वाहतुकीत प्रतिपिंडाच्या गुठळ्या होतात, भरताना चुका होतात. पण रेणू तोच असल्याने हे फरक पातळीकरण बदलून सहसा आटोक्यात येतात. पाच वर्षांच्या पीएच.डी.मध्ये पहिल्या आणि शेवटच्या आकृतीत एकच प्रतिपिंड असणे, ही किंमत देण्याजोगी गोष्ट आहे.

क्रम हाती असण्याचे आणखीही फायदे आहेत. फॉस्फो आणि एकूण, दोन्ही प्रतिपिंडे सशाची असली की पडदा धुऊन दुसऱ्यांदा चालवावा लागतो, आणि त्या धुण्यात किती प्रथिन गेले हे कोणालाच कळत नाही. तोच बदलता भाग उंदराच्या प्रतिपिंडाच्या स्थिर (न बदलणाऱ्या) भागावर बसवला की दोन रंगांत एकाच वेळी दोन्ही मोजता येतात. इम्युनोप्रेसिपिटेशननंतरच्या ब्लॉटवर ५० आणि २५ किलोडाल्टनला प्रतिपिंडाच्याच साखळ्या उमटतात, त्यामुळे २१ किलोडाल्टनचे रास हे प्रथिन पाहणाऱ्याची अडचण होते. तिथेही स्थिर भाग बदलणे उपयोगी पडते.

याच मार्गाने पुढे गेले की जिवंत पेशीत संदेश पाहता येतो. उंटवर्गीय प्राण्यांत हलकी साखळी नसलेली प्रतिपिंडे असतात, हे ब्रसेल्समधील संशोधकांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा सुमारे १५ किलोडाल्टनचा बांधणारा तुकडा म्हणजे नॅनोबॉडी. एनबी८० ही नॅनोबॉडी बीटा२-ॲड्रिनर्जिक ग्राहीच्या सक्रिय रूपालाच धरते. तिला हिरवे प्रतिदीप्त प्रथिन जोडून पेशीत घातले आणि ग्राही सक्रिय करणारे आयसोप्रोटेरेनॉल दिले, तेव्हा ती आधी पेशीपटलावर जमली आणि काही मिनिटांनी आतल्या एंडोसोमांवर (पेशीतल्या छोट्या पुटिकांवर) पुन्हा जमली. ग्राही आत गेल्यावरही सक्रिय असतो, हे २०१३मध्ये अशा रीतीने प्रत्यक्ष दिसले. फॉस्फेटवर विसंबलेल्या कोणत्याही ब्लॉटने 'कुठे' या प्रश्नाचे असे उत्तर दिले नसते.

खरेदीबद्दल आपल्याकडच्या परिस्थितीत दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. मागणीपत्रात फक्त 'फॉस्फो-ईआरकेचे रिकॉम्बिनंट प्रतिपिंड' असे लिहिले, तर सर्वांत कमी दराचे येते, आणि ते कोणत्या क्लोनचे आहे हे बाटली हाती आल्यावर समजते. क्लोनचे नाव, कॅटलॉग क्रमांक आणि तोच क्लोन का हवा याचे तांत्रिक कारण मागणीपत्रातच नोंदवा. समितीला ते समजते. एकच क्लोन निरनिराळ्या नावांनी विकला जातो, म्हणून 'दुसऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाने खातरजमा केली' असे लिहिण्यापूर्वी दोन्ही खरोखर वेगळी आहेत का ते पाहा. ग्लिसरॉल असलेली बाटली उणे २० अंशांना गोठत नाही, तेव्हा तिचे छोटे भाग करण्याची गरज नसते. ग्लिसरॉल नसेल तर मात्र आल्या दिवशीच भाग करा. आणि सोडियम अझाइड हे परिरक्षक एचआरपीला (दुय्यम प्रतिपिंडाला जोडलेल्या, पट्टी दाखवणाऱ्या विकराला) मारते, म्हणून दुय्यम प्रतिपिंडाच्या द्रवात ते कधीही घालू नका.

क्रम जाहीर करण्याच्या बाबतीत पुरवठादारांबद्दल माझी तक्रार आहे. अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्युकथुन या प्रतिपिंड-संशोधकांनी शंभराहून अधिक सहस्वाक्षऱ्यांसह २०१५मध्येच मागणी केली होती की संशोधनातली प्रतिपिंडे त्यांच्या क्रमाने ओळखली जावीत. अजूनही बहुतेक व्यापारी रिकॉम्बिनंट प्रतिपिंडांचा क्रम गुपित आहे. म्हणजे ओळख कायम आहे, पण ती विक्रेत्याच्या तिजोरीत. त्याने उत्पादन बंद केले की तुमच्या हाती काही उरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील न्यूरोमॅब या प्रतिपिंड-केंद्राने आपल्या हायब्रिडोमांचे क्रम खुले केले आणि प्लाझ्मिडही उपलब्ध करून दिले; दोन पर्याय सारखेच चांगले असतील, तर मी क्रम खुला असलेला घेतो.

राहिला जुन्या निकालांचा प्रश्न. जुन्या लॉटचे जे काही उरले असेल ते आजच बाजूला ठेवा, नेहमीच्या कामात संपवू नका. वर सांगितलेले नमुने, म्हणजे अनुत्तेजित, ईजीएफ, इनहिबिटरसह ईजीएफ आणि फॉस्फेटेज दिलेला, एकाच जेलवर तीनदा भरा, पडदा कापून तीन तुकडे करा आणि जुना लॉट, नवा लॉट व रिकॉम्बिनंट प्रत्येकी एका तुकड्यावर चालवा. जुना लॉट आणि रिकॉम्बिनंट यांची उत्तरे जुळली, तर जुन्या आकृत्या पुन्हा करण्याची गरज नाही. हा तुलनात्मक ब्लॉट प्रबंधात पूरक आकृती म्हणून, पडदा न छाटता, लॉट क्रमांक आणि आरआरआयडी या संशोधन-साहित्याच्या ओळखक्रमांकासह द्या. ती जुळली नाहीत, तर ज्या आकृत्यांवर मुख्य निष्कर्ष उभा आहे तेवढ्या साठवलेल्या लायसेटवर रिकॉम्बिनंटने पुन्हा करा. उणे ८० अंशांना सॅम्पल बफरमध्ये ठेवलेले लायसेट सहसा चालते. इनहिबिटर न घालता ठेवलेल्या, अनेकदा वितळून पुन्हा गोठवलेल्या लायसेटवर मात्र कोणत्याही फॉस्फो-प्रतिपिंडाची परीक्षा घेऊ नका. तिथे पेशी पुन्हा वाढवूनच सुरुवात करावी लागेल.